बडोद्यात नोकरी सांभाळून तांत्रिक शिक्षण: आयटीआयपासून डिप्लोमापर्यंतची वाट

कामावर असताना शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न वेळेचा येतो: पाळी कधी सुटते आणि वर्ग कधी भरतो. त्यानंतर कागदपत्रं, मग भाषा, आणि शेवटी जे प्रमाणपत्र मिळेल ते कुठे चालेल, ही चिंता. मी मकरपुऱ्यातल्या एका वर्कशॉपमध्ये काम करत फिटरचा आयटीआय केला आणि नंतर डिप्लोमा. त्या वाटेवर जे विचारत विचारत कळलं, ते तुम्हाला एका ठिकाणी मिळावं म्हणून हा लेख. वाडी, दांडिया बाजार, बाबाजीपुरा इथली पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आणि खानदेशातून कामासाठी आलेली नवी मंडळी, दोघांनाही तो उपयोगी पडेल.

आपलं शहर या बाबतीत साधं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं आणि त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्राचार्य झाले. आदल्याच वर्षी, १८८९ मध्ये, इंग्लंडात तांत्रिक शिक्षणाचा कायदा होऊन तिथल्या स्थानिक मंडळांना या कामासाठी कर बसवायची मुभा मिळाली होती. लंडनमध्ये कारागिरांसाठी संध्याकाळची व्याख्यानं १८२३ पासून चालत होती, तरी स्थानिक कराचा पैसा या शिक्षणात यायला इतकी वर्षं गेली. बडोद्यात मात्र राज्याच्या खजिन्यातून रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम शिकवणारी संस्था उभी राहिली. दादासाहेब फाळके इथे शिकून गेले. गज्जरांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि अमीन यांनी गुरूंच्या साथीनं १९०७ मध्ये अलेम्बिक सुरू केली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं तेव्हा कलाभवन त्यात आलं, आणि आज तिथे अभियांत्रिकीची फॅकल्टी भरते. हे सांगायचं कारण एवढंच, की हाताच्या कामाचं शिक्षण सरकारी खर्चानं मिळावं हा या शहराचा जुना शिरस्ता आहे. तेव्हा खाजगी क्लासच्या पाटीखाली पैसे भरण्याआधी सरकारी दार ठोठवा.

१. आधी आपली पायरी ओळखा

आठवी झालेली असेल तर वेल्डर (एक वर्ष) आणि वायरमन (दोन वर्षं) हे ट्रेड खुले आहेत. दहावी झालेली असेल तर फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, आणि डिझेल मेकॅनिक किंवा कोपा, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा, हे एका वर्षाचे. वय किमान १४ लागतं. वय वाढलं म्हणून मागे हटू नका, वर्गात मुलांचे बाप शोभतील अशी माणसं मी पाहिली आहेत आणि वर्कशॉपमध्ये त्यांचाच हात सगळ्यात बसलेला असतो.

शाळाच सुटली असेल तर जन शिक्षण संस्थान बघा. १९६७ मध्ये मुंबईत वरळीला श्रमिक विद्यापीठ म्हणून कामगारांसाठी जी योजना सुरू झाली, तिचंच हे आजचं रूप. १५ ते ४५ वयाच्या, निरक्षर किंवा मधेच शाळा सोडलेल्या माणसांसाठी हे वर्ग असतात आणि वस्तीजवळ भरतात. शिवणकाम, ब्युटी पार्लर, प्लंबिंग, घरगुती वायरिंग असे छोटे कोर्स. बायकांना घरचं आवरून जाता येतं, ही त्यातली मोठी सोय. मात्र हे प्रमाणपत्र आयटीआयच्या जागी चालत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा.

दोन वर्षांचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. आपल्याकडे त्याला सगळे सी टू डी म्हणतात. डिप्लोमानंतर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात, ते डी टू डी. म्हणजे फिटरच्या शेडमधून इंजिनिअरच्या खुर्चीपर्यंत सरकारमान्य रस्ता आहे. फक्त प्रत्येक टप्प्यावर मागचा कागद मान्यताप्राप्त असावा लागतो. एक कागद कच्चा निघाला तर पुढचं सगळं अडतं, आणि या लेखात मी तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

२. पाळी आणि वर्ग यांची वेळ जुळवा

तरसाली, गोरवा आणि दशरथ इथल्या सरकारी आयटीआय प्रथम बघून या. आयटीआयच्या जागा पाळीनुसार असतात, तेव्हा हव्या त्या ट्रेडची तुकडी सकाळची की दुपारची, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर मिळालेल्या उत्तरावर नोकरीचा निर्णय घेऊ नका.

खरी अडचण फिरत्या पाळीची. या आठवड्यात सकाळी सात ते तीन, पुढच्या आठवड्यात तीन ते अकरा, असं काम असेल तर कुठलाच वर्ग नीट होत नाही. आयटीआयत परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते आणि ती खरोखर मोजतात. म्हणून प्रवेश घेण्याच्या आधी सुपरवायझरशी बोला, एकच पाळी कायम मागा, आणि ते कबूल झालं तर एचआरकडून दोन ओळींचं पत्र घ्या. तोंडी कबुली सुपरवायझर बदलला की संपते. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं दुसरं वर्ष याच कारणानं गेलं: नव्या साहेबांनी त्याला रात्रपाळीत टाकलं आणि सकाळच्या वर्गात तो बसायचा तो डुलक्या घेत. शेवटी त्यानं वर्ग सोडला.

कंपनीनं पाळी बदलून द्यायला साफ नकार दिला तर दुसरा मार्ग आहे. एखाद्या कारखान्यात त्या ट्रेडचं काम तीन वर्षं केलेलं असेल, तर त्या अनुभवावर खाजगी उमेदवार म्हणून अखिल भारतीय ट्रेड परीक्षेला बसता येतं. यासाठी अनुभवाचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, कामाचं नाव आणि तारखांसह लागतं. "आमच्याकडे हेल्पर होता" एवढ्यावर भागत नाही, "फिटर म्हणून" असं स्पष्ट लिहून घ्या. पगाराच्या पावत्या आणि पीएफचा उतारा सोबत असला तर काम सोपं होतं.

डिप्लोमा आणि डिग्रीसाठी २०२३-२४ पासून एआयसीटीईनं, म्हणजे तांत्रिक शिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेनं, नोकरदारांच्या वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली आहे. वर्ग संध्याकाळी किंवा कंपनीच्या वेळा सांभाळून भरतात. किमान एक वर्षाचा अनुभव हवा आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतराच्या आत हवं. कॉलेजला थेट विचारा: नोकरदारांच्या तुकडीला तुमच्याकडे या वर्षी मान्यता आहे का, आणि मान्यतेचं पत्र दाखवा.

३. संस्था खरी आहे का, ते स्वतः तपासा

रेल्वे स्टेशनपासून मांजलपुरापर्यंत "आयटीआय", "टेक्निकल", "गव्हर्नमेंट अॅप्रूव्ह्ड" अशा पाट्या दिसतात. पाटीवर भरवसा ठेवू नका. प्रत्येक मान्यताप्राप्त आयटीआयला एक एमआयएस कोड असतो. तो मागा आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा. तिथे संस्थेचं नाव दिसलं की काम झालं असं मात्र समजू नका. मान्यता ट्रेडप्रमाणे आणि तुकडीप्रमाणे मिळते. एखाद्या संस्थेला फिटरची मान्यता असेल आणि इलेक्ट्रिशियनची नसेल, असं होऊ शकतं. तुमचा ट्रेड, तुमची पाळी, दोन्ही त्या यादीत असायला हवेत.

दुसरं, प्रमाणपत्र कुणाचं? एनसीव्हीटीचं, म्हणजे केंद्र सरकारचं, प्रमाणपत्र देशभर चालतं. जीसीव्हीटी हे गुजरात राज्याचं. बडोद्यातल्या कारखान्यांत दोन्ही चालतात, पण उद्या जळगावला किंवा पुण्याला परत जायचा विचार असेल, रेल्वे किंवा मोठ्या सरकारी कंपन्यांच्या भरतीत उतरायचं असेल, तर एनसीव्हीटीचाच ट्रेड घ्या.

तिसरं, आणि यात आपली बरीच मराठी मुलं फसलेली आहेत: "घरबसल्या डिप्लोमा, फक्त परीक्षेला या." पत्रद्वारे इंजिनिअरिंगच्या नादी लागू नका. एआयसीटीईची मान्यता न घेता काही अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, आणि वर्षानुवर्षं नोकरी करणाऱ्यांच्या पदव्या एका दिवसात प्रश्नात आल्या. लेथवर हात न लावता मशिनिस्ट होता येत नाही, हे कुणालाही पटेल. तरीही असे क्लास चालतात, कारण कामावर जाणाऱ्या माणसाची वेळेची अडचण खरी असते आणि ती ओळखून त्याला गाठलं जातं.

४. कागदपत्रं

यादी सरळ आहे:

– शाळा सोडल्याचा दाखला. इथे सगळे एलसी म्हणतात
– आठवी किंवा दहावीची गुणपत्रिका, आणि किती प्रयत्नांत पास झाला त्याचा दाखला असेल तर तो
– आधार कार्ड, मोबाइल नंबर जोडलेला
– जातीचा दाखला, लागू असेल तर, सोबत नॉन-क्रीमिलेयर
– उत्पन्नाचा दाखला, मामलतदार कचेरीतून किंवा जन सेवा केंद्रातून
– बँकेचं पासबुक, आधारशी जोडलेलं. स्कॉलरशिप थेट खात्यात येते
– पासपोर्ट साइझ फोटो, सगळे एकाच प्रिंटमधले
– नोकरी करत असाल तर कंपनीचं पत्र

यादी सरळ, पण घोळ नावांचा. गुजरातच्या शाळेत नाव आडनावापासून लिहितात आणि वडिलांच्या नावाला "भाई" लागतो. मग दहावीच्या मार्कशीटवर "पाटील गणेश रमेशभाई", आधारवर "गणेश रमेश पाटील" आणि बँकेत "गणेश रमेशराव पाटील" असं एकच माणूस तीन नावांनी फिरतो. मुलींच्या बाबतीत "बेन" आणि लग्नानंतरचं आडनाव मिळून हे आणखी वाढतं. आडनाव पुढे-मागे झालं तर सहसा चालवून घेतात. "भाई", "राव", "बेन" यांचं मात्र कॉम्प्युटरला काही सांगता येत नाही, अर्ज पडताळणीत तिथेच अडतो. उपाय असा, की दहावीच्या मार्कशीटवरचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करू नका. बोर्डाचं प्रमाणपत्र बदलणं फार किचकट आहे, आधार त्यामानानं सोपं. हे काम प्रवेशाच्या आधी दोन-तीन महिने उरका. आयटीआयच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलं जातं, तेच पुढे डिप्लोमात आणि पासपोर्टवर लागतं.

महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी दोन गोष्टी. तिकडचा जातीचा दाखला इकडे आरक्षणासाठी चालत नाही. प्रत्येक राज्याची यादी वेगळी, आणि आपण ज्याला ओबीसी म्हणतो त्याला गुजरातच्या राज्य यादीत एसईबीसी म्हणतात. दाखला जोडून राखीव कोट्यात अर्ज केला आणि पडताळणीत तो बाद झाला, तर जागा हातची जाते. शंका असेल तर खुल्या गटातून अर्ज भरा. दुसरं, परराज्यातल्या एलसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागू शकतात. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हाच ती करून आणा, नाहीतर ऐन प्रवेशाच्या दिवसांत धुळ्याची किंवा नंदुरबारची फेरी पडते. परराज्यात दहावी झालेल्यांचे नियम माहितीपुस्तिकेत वेगळ्या परिच्छेदात असतात, पुस्तिका हातात आली की आधी तो वाचा.

मूळ कागद कुठल्याही संस्थेत ठेवून येऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या, मूळ परत घ्या. एलसी जमा करावी लागली तर पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

५. अर्ज आणि पसंतीक्रम

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज ऑनलाइन सुटतात. सायबर कॅफेतून भरायला हरकत नाही, पण मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याचा नंबर टाकलेला अर्ज म्हणजे पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे. सरकारी आयटीआयत अर्ज भरून देणारी मदत खिडकीही असते.

पसंतीक्रम भरताना बहुतेक जण इलेक्ट्रिशियन आणि फिटर यांच्यापुढे जात नाहीत. टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर यांच्याकडे त्यामानानं कमी वळतात. बडोद्याच्या आजूबाजूला रिफायनरी, खत, रसायनं आणि अवजड यंत्रांचे कारखाने आहेत, तिथे पाइप आणि प्रेशर व्हेसलचं वेल्डिंग सतत चालतं. चांगला वेल्डर इथे रिकामा बसत नाही. हे माझं मत, पण मकरपुऱ्यात इतकी वर्षं काढून झालेलं.

पहिल्या फेरीत नाव आलं नाही तर घरी बसू नका. रिकाम्या जागांच्या फेऱ्या पुढे चालू राहतात, आणि तेव्हा प्रत्यक्ष नोटीस बोर्ड बघणाऱ्याला जागा मिळते.

६. भाषा

वर्ग गुजराती-हिंदीत चालतो. आपण गुजराती बोलतो, पण वाचताना अडखळतो, विशेषतः मराठी माध्यमातून आलेली मुलं. लिपी फार लांबची नाही, आपल्या अक्षरांवरची शिरोरेघ पुसली की अर्धी ओळखू येते. आधी नोटीस बोर्ड वाचण्याइतकी तयारी करा, कारण तारखा तिथेच लागतात.

अभ्यासासाठी मात्र मराठी पुस्तकं मिळतात, आणि हे फार कमी जणांना माहीत आहे. चेन्नईची निमी ही केंद्र सरकारची संस्था आयटीआयच्या ट्रेडची पुस्तकं काढते, ट्रेड थिअरी आणि ट्रेड प्रॅक्टिकल अशी वेगवेगळी, आणि मोठ्या ट्रेडची मराठीतही असतात. भारत स्किल्स या सरकारी पोर्टलवर अभ्यासाचं साहित्य आणि प्रश्नसंच फुकट आहेत. लोकांच्या भाषेत विज्ञान आणि कारागिरी शिकवली पाहिजे हा आग्रह गज्जरांनी कलाभवनात धरला होता आणि त्यासाठी पुस्तकं तयार करवून घेतली होती. रात्री दमून आल्यावर ओम्‌चा नियम मराठीत वाचला की गज्जर तसं का म्हणाले असतील, हे आपोआप कळतं. संज्ञा मात्र इंग्रजीतच पाठ करा: टॉलरन्स, क्लिअरन्स, अर्थिंग. शॉप फ्लोअरवर हेच शब्द चालतात.

७. वर्कशॉप

इलेक्ट्रिशियन, फिटरसारख्या ट्रेडला वर्षाला साधारण १२०० तास असतात: पहिल्या वर्षी ८४० प्रात्यक्षिकाचे, २४० थिअरीचे, १२० एम्प्लॉयबिलिटी स्किल्सचे. म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त वेळ हातात हत्यार. यातच कामावरचा माणूस पुढे जातो.

घ्यायच्या वस्तू: बॉयलर सूट किंवा खाकी युनिफॉर्म, सेफ्टी शूज, १५० आणि ३०० मिलिमीटरची स्टील पट्टी, ड्रॉइंगचं साहित्य, जर्नल. व्हर्नियर, मायक्रोमीटर संस्थेत मिळतात, लगेच विकत घेऊ नका. शूजमध्ये काटकसर नको.

फिटरला पहिले काही आठवडे फक्त कानस. माइल्ड स्टीलचा एक तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, पृष्ठभाग सपाट करायचा, मग त्यावर ट्राय स्क्वेअर, म्हणजे गुण्या, ठेवून तुकडा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली तर परत कानस. सगळीकडून अंधार दिसेपर्यंत. कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, चालवणाऱ्या मुलांना हे जुनाट वाटतं आणि ती मित्राकडून जॉब, म्हणजे करायला दिलेला तुकडा, घासून घेतात. कृपा करून असं करू नका. मशीनवर पार्ट बिघडला तर तो कुठे आणि किती बिघडला हे ओळखणारा डोळा इथेच तयार होतो, आणि परीक्षेत जॉब स्वतःच करावा लागतो.

जर्नल त्याच दिवशी लिहा. वर्षअखेरीस एका रात्रीत उतरवलेलं जर्नल इन्स्ट्रक्टरला लगेच कळतं.

८. परीक्षा

थिअरी कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायची. पास व्हायला थिअरीत ३३ टक्के पुरतात, प्रात्यक्षिकात मात्र ६० टक्के लागतात. हॉल तिकिटावर नाव, ट्रेड आणि फोटो तपासा, आणि चूक असेल तर परीक्षेच्या आधीच लेखी अर्ज द्या.

९. पास झाल्यावर

ई-प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घ्या, क्यूआर कोड स्कॅन करून उघडतं का बघा, आणि नावाचं स्पेलिंग चुकलं असेल तर लगेच दुरुस्तीला टाका. संस्थेत तुमची फाइल ताजी असते तोवर हे पटकन होतं.

मग अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात स्टायपेंडवर शिकाऊ म्हणून काम. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात. सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करा आणि करार पोर्टलवर झालेला आहे याची खात्री करा. करार नसेल तर वर्षभर काम करूनही अप्रेंटिसचं प्रमाणपत्र मिळत नाही. आधीच कायम नोकरीत असाल तर पगार सोडून स्टायपेंडवर जायचं का, हे घर बघून ठरवा. घरात दुसरं कमावणारं कुणी असेल तर मी जा म्हणेन.

इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन असाल आणि स्वतंत्र कामं घ्यायची असतील, तर राज्याच्या परवाना मंडळाचं परमिट काढा. त्याशिवाय वायरिंगच्या कामावर सही करू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

सी टू डीचे अर्ज नेहमीच्या डिप्लोमा प्रवेशाबरोबरच, पण वेगळ्या यादीत निघतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं पॉलिटेक्निक आणि सरकारी पॉलिटेक्निक, दोन्हींची माहिती काढा. दुसऱ्या वर्षात गेल्यावर गणित एकदम अंगावर येतं: डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स. आयटीआयत यातलं काही नसतं. प्रवेशाच्या आधीच्या सुट्टीत पहिल्या वर्षाच्या गणिताचं पुस्तक घेऊन बसा, आणि शेजारीपाजारी बारावी सायन्सचा मुलगा किंवा मुलगी असेल तर तिच्याकडून रोज तासभर शिकून घ्या. त्यापुढे डिग्रीला जायचं असेल तर आता डीडीसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातच सुरू करा. शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट आपल्याच कारखान्यातल्या एखाद्या अडचणीवर घेतला, तर कॉलेज आणि काम या दोन्हींकडचा वेळ वाचतो आणि साहेबांकडून रजाही मिळते.